‘समजलं’ कुणी दाबलं?

इशारा गेला होता, पोहोचला होता आणि त्याखालचं ‘समजलं’ हे बटणही कुणीतरी दाबलं होतं. कंपनीच्या रेकॉर्डवर ते स्वच्छ दिसत होतं. आणि बनूबाई कोर्टात शपथेवर सांगत होती की तिच्या घरात फोनच नाही.

अभिजीतला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या. पंचाईत तीच होती.

त्याची सॉफ्टवेअर कंपनी बदलापुरात, एका फरसाणवाल्याच्या वरच्या मजल्यावर होती. उल्हास नदीला पाणी चढलं की काठच्या घरांना सावध करणारं ॲप त्यांनी बनवलं होतं. इशारा आला की ‘समजलं’ दाबायचं. कुणी दाबलं नाही, तर त्या भागातला स्वयंसेवक बॅटरी घेऊन दार ठोठावायला जायचा. साधी, सरळ व्यवस्था. तिचं कौतुकही बरंच झालं होतं, आणि अभिजीतने ते आनंदाने करून घेतलं होतं.

गेल्या पावसाळ्यात नदी चढली तेव्हा काठची सगळी घरं वेळेत रिकामी झाली. एकच राहिलं. बनूबाई लेकीकडे वांगणीला गेली होती आणि तिचा नवरा महिपती घरात एकटाच झोपला होता. स्वयंसेवक त्याच्या दाराशी गेलाच नाही, कारण त्या घरातून ‘समजलं’ आलं होतं. पाणी ओसरल्यावर महिपती सापडला तो बाभळीच्या झुडपात.

बनूबाईने कंपनीवर दावा लावला. हरलो तर कंपनीला टाळं लागणार, हे अभिजीतला माहीत होतं. पण त्याची झोप उडाली होती ती दुसऱ्याच कारणाने. त्या घरातून बटण दाबलं कुणी?

त्याच्या वकील शीला मॅडम मात्र निवांत होत्या. उल्हासनगरच्या कोर्टात त्यांची उभी हयात गेली होती.

“कुणी दाबलं ते त्यांनी शोधावं,” त्या म्हणाल्या. “आपल्याला दाबलं गेलं एवढंच पुरे आहे. तुम्ही कशाला डोकं शिणवता?”

अभिजीतने ऑफिसात तेजलला गाठलं. ॲपचा सगळा प्रोग्राम तिने लिहिला होता. फोन नसलेल्या घराची नोंदणी झालीच कशी, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही, त्यामुळे वाड्यांवर नोंदणीला गेलेली आपली माणसं भाच्याचा, दुकानदाराचा, ज्याचा मिळेल त्याचा टाकतात. हा कुणाचा, ते तिलाही सांगता येईना. नंबर झाकून ठेवायचे, कोर्टाने सांगितलं तरच उघडायचे, ही सोय अभिजीतनेच हट्टाने करून घेतली होती.

रविवारी तो शीला मॅडमना न सांगता बनूबाईच्या वाडीवर गेला. बनूबाईने त्याला ओळखलं, तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याला फार लाज वाटली.

“फोन नाय घरान, सायब. तुमी लोका नाव लिवाला आल्ते ना, तवा पन नवता.”

“मग नंबर कुणाचा दिलात, आजी?”

“मना काय म्हायती? तुमीच लोकांनी काय ता केलात, चाय प्यालात न् गेलात.”

दारात तिचा भाचा साईनाथ उभा होता. अंबरनाथला कारखान्यात कामाला होता. वाडीत पहिला फोन त्याचाच. अभिजीतने त्याला नंबर विचारला तेव्हा त्याने मान खाली घातली आणि तो आत निघून गेला.

परतताना अभिजीतला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. नंबर साईनाथचा. इशारा अंबरनाथला त्याच्या खोलीवर वाजला असणार, आणि पोराने अर्धवट झोपेत बटण दाबलं असणार. अभिजीतला त्याचा राग येईना. तो स्वतःही नदीकाठच्या मांजर्लीतच राहायचा. त्या रात्री त्याचाही फोन सारखा वाजत होता, आणि लॅपटॉपवरच्या नकाशावरून नजर न काढता तो येईल त्याला ‘समजलं’ करत सुटला होता. पोराचं आता पुढे काय होणार, म्हणून त्याला वाईट वाटलं. आपण सुटलो, म्हणून बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची चीड आली.

नंबर उघडण्यासाठी आपणच अर्ज करू, असं त्याने सांगितल्यावर शीला मॅडमनी कपाळाला हात लावला.

“जिंकत आलेल्या दाव्यात असलं काही मागतं का कुणी?”

“त्या बाईला कळायला हवं, मॅडम. मलाही कळायला हवं.”

अर्ज मंजूर झाला. त्या दिवशी बनूबाई पुढच्या बाकावर बसली होती, शेजारी साईनाथ. अभिजीतने मनाशी ठरवून टाकलं होतं, की नंबर वाचून झाला की आपण स्वतः उठायचं आणि सांगायचं, या मुलाला दोष देऊ नका, चूक कुणाच्याही हातून झाली असती.

न्यायाधीशांनी तेजलला नंबर वाचायला सांगितला. तिने लॅपटॉप उघडला, पडद्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप पुन्हा अर्धा मिटला. न्यायाधीशांनी पुन्हा सांगितलं, तशी ती खालच्या आवाजात एकेक आकडा वाचू लागली.

साईनाथ नुसता ऐकत होता. अभिजीतने त्याच्याकडे धीर देणाऱ्या नजरेने पाहिलं. नंबर अजून निम्माही झाला नव्हता, तोच उरलेले आकडे अभिजीतच्या ओठांवर आले. गॅसवाल्याला, कुरिअरवाल्याला, जो मागेल त्याला तो रोज हाच नंबर सांगत असे.