टेबलाखालची सही

“मॅडम, आपल्या जिल्ह्यात भूकंप होतच नाहीत. मग भूकंपमापकांना सरकारी निधी कशाला?” म्हणत निरगुडकरसाहेबांनी डॉ. शमीम बागवान यांचा संशोधन-प्रस्ताव बाजूला सारला, तोच टेबलावरच्या कपबशा खडखडल्या.

“आई गं!” शेजारी उभ्या डॉक्टरबाईंना कोपरानं ढकलून साहेब टेबलाखाली शिरले.

हादरे थांबले. “साहेब, खिडकीखालून रोडरोलर गेला,” बाई म्हणाल्या. “भूकंप कुठला नि रोलर कुठला, एवढं कळावं म्हणूनच तर यंत्रं मागतेय.”

साहेबांना वाटलं, धरणीनं दुभंगून पोटात घ्यावं. पण आपल्या जिल्ह्यात तशी सोय नव्हती.

टेबलाखालून हात तेवढा बाहेर आला. “प्रस्ताव द्या इकडे. सही करतो.”

“बाहेर येऊन करा की.”

“तुम्ही गेल्यावर येतो.”