ठीकठाक

"काका, आता दहापैकी किती दुखतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

खाटेवरच्या माणसाने आधी छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे. "तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "किती असायला पाहिजे?"

उशाशी स्टुलावर बसलेल्या त्याच्या बायकोने डोळे मिटून घेतले. झालं यांचं सुरू!

जन्मभर जुनं फर्निचर घेण्या-विकण्याचा धंदा केलेला माणूस. कपाट कितीही देखणं असो, लाकूड कितीही अस्सल असो, हा बोटाने टकटक करणार, तोंड वाकडं करणार आणि म्हणणार, "ठीकठाक आहे." चांगलं म्हटलं की भाव वाढतो, आणि आकडा कधी आधी आपण बोलायचा नाही, हे त्याचं शास्त्र. बाजारात त्याला ठीकठाकशेटच म्हणायचे. घरीही तीच तऱ्हा. लग्नानंतर तिच्या हातचं पहिलं जेवण जेवून त्याने हाच शेरा मारला होता, आणि ती भोळी रडत बसली होती. पुढे शिकली बिचारी. ठीकठाक म्हणजे उत्तम, आणि काहीच बोलला नाही तर समजायचं, बिघडलंय.

पण हे डॉक्टरबाईंना कोण सांगणार?

"हे बघा काका," डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. त्याही सकाळपासून उभ्याच होत्या. "पोटाच्या मागे, मणक्यापाशी नसांचं एक जाळं असतं. तुमच्या स्वादुपिंडात गाठ आहे ना, तिचं दुखणं या जाळ्यातून वर जातं. सकाळी पाठीतून सुई घालून मी ते जाळं नुसतं बधिर केलं, काही तासांपुरतं. त्याने दुखणं थांबलं असेल, तर उद्या तिथेच दुसरं औषध सोडून त्या नसा निकामी करते. थांबलं नसेल, तर उद्या उगाच टोचण्यात अर्थ नाही. म्हणून विचारतेय. फरक पडला का?"

"आहे आपलं ठीकठाक," तो म्हणाला. "फार काही विशेष नाही."

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "मग उद्याचं राहू दे. गोळ्याच वाढवून बघू."

"अहो बाई, यांचं काय ऐकताय!" बायको ताडकन उठली. "उताणे झोपलेत कसे ते बघा ना! किती महिने झाले, या माणसाने पाठ टेकली नव्हती. रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन, माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसायचे. ना त्यांना झोप, ना मला. आणि गोळ्या वाढवल्या की नुसत्या उलट्या."

"गुंगीत असलं की माणूस असाही पडून राहतो, काकू. उद्याचं औषध एकदा सोडलं की परत काढता येत नाही. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय." डॉक्टरबाई उठल्या. "पलीकडचा पेशंट बघून येते. तोवर बोला तुम्ही दोघं."

त्या गेल्या तशी ती त्याच्याकडे वळली. "अहो, अक्कल गहाण टाकलीत का? समोर दुकानदार नाही, डॉक्टर आहे. भाव कुणाशी करताय?"

त्याने दाराकडे एकदा पाहून घेतलं. मग कुणी ऐकू नये अशा बेताने म्हणाला, "चांगलं म्हटलं की काढून घेतात."

"कोण?"

"ते मला काय ठाऊक. पण घेतात."

एरवी तिने फाडफाड ऐकवलं असतं. आज तिने खाटेखालची पिशवी ओढली आणि टॉवेल, चपला, पाण्याची बाटली त्यात कोंबायला लागली. "चला. माल पसंत नाही ना? घरी जाऊ."

तो गालातल्या गालात हसला. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की दुकानदार हाक मारतोच, हा त्याचा पेटंट डाव. "माझीच विद्या माझ्यावर होय?"

तिने वर पाहिलं नाही. नाटक करायलाही अंगात त्राण लागतं, आणि तिच्यात ते उरलंच नव्हतं. ती खरंच सामान भरत होती. संध्याकाळी औषध उतरेल, हे परत गुडघे पोटाशी घेतील, परत खांदा द्यायचा, परत उजाडायची वाट बघायची. पिशवीची चेन लागेना. ती ओढत राहिली, ओढत राहिली, आणि मग तशीच फरशीवर बसली.

"मला आता होत नाही हो," ती म्हणाली.

त्याचं हसू गेलं. तो कोपरावर रेटून थोडा वर झाला आणि दाराकडे बघत राहिला. डॉक्टरबाई परत येताना दिसल्या तसा त्यांना आत यायचीही उसंत न देता म्हणाला, "डॉक्टर, दुखत नाही."

"नक्की?"

"अजिबात नाही. चांगलं..." सवय नसल्याने शब्द अर्ध्यावरच अडला. त्याने पुन्हा सुरुवात केली. "फार चांगलं केलंत तुम्ही."

बायको खालूनच त्याच्याकडे बघत राहिली. जन्मभर ज्या शब्दासाठी तिने जीव टाकला, तो शेवटी एका सुईच्या पदरात पडला! एवढ्या दमणुकीतही तिला हसू आलं.

"मग उद्या पहिला नंबर तुमचा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"किती टिकेल?"

"साधारण तीन महिने."

"आणि मी?"

डॉक्टरबाईंनी एकदा बायकोकडे पाहिलं, मग खाटेच्या कडेवर टेकल्या आणि त्याच्या हातावर हात ठेवला. "साधारण तेवढेच, काका."

बायको जीव मुठीत धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती. आता तोंड वाकडं करील. आता म्हणेल, थोडं वाढवा की, नेहमीचं गिऱ्हाईक आहे.

"चालेल," तो म्हणाला.