नकाशावरचा निळा रंग

"चौदा इंच! चौदा इंच पाऊस झालाय तुमच्याकडं," दुष्काळाच्या पाहणीला आलेल्या लालासाहेबांनी नकाशावर बोट आपटलं. "आणि वर सरकारी कडबा मागताय?"

खानापूर तालुक्याच्या कोरड्या अंगाला असलेल्या त्या धनगरवाडीतली माणसं त्यांच्याभोवती गप उभी होती. नकाशा चार मैलांना एक इंच. त्यात वाडी मोहरीएवढीही नव्हती. पण पाऊस मोजायचं तांब्याचं नळकांडं नेमकं इथंच, बिरोबाच्या देवळामागं बसवलेलं. त्याचा आकडा चौदा, म्हणून भोवतालची सहा गावं निळी, म्हणजे पुरेशा पावसाची. निळ्याला कडबा नाही. आजच्या टपालानं नकाशा साताऱ्याला गेला की विषय संपला.

"लढाईला पोरं न्यायची हुती, तवा ही वाडी बरी घावली सरकारला," कोंडीबा पुढं झाला. "नकाशा ऱ्हाऊ द्या, सायेब. हिरीत उतरून बगा. पाच म्हशी गेल्या, उरलेल्या उठंनात."

विहीर लालासाहेबांनी येतानाच पाहिली होती. तळाला नुसती भेगाळलेली माती. आकडा आणि विहीर जुळत नव्हती, म्हणूनच ते चिडले होते. आकडा मांडून साताऱ्याला धाडणारा शेजारगावचा मास्तर सरळ माणूस, आठवड्याला दोन कोस चालत यायचा. या मुलखात बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं; आपल्या गावात थेंब नाही आणि इथं आहे, याचं त्याला नवल वाटलं नव्हतं. मग खोटं कोण बोलत होतं?

"यंत्र खोटं बोलत नाही," असं म्हणत ते तरातरा देवळामागं गेले. माणसं मागोमाग.

नळकांड्याला हळदकुंकू लावलेलं होतं. कोंडीबाची म्हातारी आई, भामाबाई, वाकून तांब्यातलं पाणी हलक्या हातानं त्यात सोडत होती.

"आजी! हे काय करताय?" लालासाहेब ओरडलेच.

ती दचकली, मग ओशाळं हसली. "पावसाचा द्येव न्हवं ह्यो? सरकारनं बशिवलेला. माज्या वाटणीतलं चार घोट देती रोज. त्येलाच न्हाई पाजलं, तर त्यो आमास्नी कुटनं द्यायचा?"

कोंडीबानं मान खाली घातली. लालासाहेबांना स्वतःचीच शरम वाटली.

म्हातारीनं पदरानं तांब्या पुसला. "पोचतंय न्हवं त्येला, सायेब?"

"पोचलं, आजी," ते म्हणाले. "पार साताऱ्याच्या कचेरीपर्यंत पोचलं."