पिवळ्या रेषेच्या आत

अक्षता मॅडमनी पिशवीतून आधी मोरपिसांचा मुकुट काढला, मग मण्यांच्या माळा, आणि सगळं पूर्णिमाच्या हातात दिलं.

"मुकुट राहू दे वाटल्यास. माळा तरी घाल. पाहुणे येतीलच आता."

पूर्णिमा पावरा मोटरींची चाचणी घेणाऱ्या मशीनपाशी उभी होती. धडगावच्या डोंगरातून ती पुण्याला आली आणि कंपनीच्या आदिवासी शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाली. आज जर्मनीच्या पाहुण्यांसमोर मशीन तिने चालवून दाखवायचं होतं. नीट चाललं तर नोकरी कायम, नाहीतर प्रशिक्षण संपल्याचा कागद घेऊन घर गाठायचं.

माळा तिच्या नव्हत्या, तिच्या गावच्याही नव्हत्या. मंडईजवळ नाटकाचे कपडे भाड्याने मिळतात, त्या दुकानाची चिठ्ठी अजून त्यांना लटकत होती.

"मॅडम, रेषेच्या आत गळ्यात काही चालत नाही," ती म्हणाली. मशीनभोवती जमिनीवर पिवळी रेष होती.

कंपनीतर्फे शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या अक्षता मॅडम मनाने वाईट नव्हत्या. कर्वेनगरच्या हॉस्टेलवर पूर्णिमा तापाने फणफणली, तेव्हा मऊ भाताचा डबा घेऊन याच आल्या होत्या. म्हणून तर नाही म्हणणं जड जात होतं. पाहुणे शिष्यवृत्तीला पैसे देतात, फोटो त्यांच्या अहवालात जातो, पुढच्या मुलांचं त्यावरच अवलंबून आहे, असं त्यांनी समजावलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पूर्णिमाने श्रीनिवास सरांकडे पाहिलं. हे लॅबचे प्रमुख. आईने लहानपणी मनगटात घातलेलं चांदीचं कडं निघेना, तेव्हा पहिल्या दिवशी यांनीच ते कटरने कापलं होतं. "मशीन कुणाची आई बघत नाही. हात ओढतं," म्हणाले होते. खोलीवर जाऊन ती रडली होती, पण तिला ते पटलंही होतं. आज तेच सर खिडकीबाहेर बघत होते. तिला त्यांची चीड आली.

"माळा घालते, मॅडम. पण मग मशीन सुरू करणार नाही."

अक्षता मॅडम गोंधळल्या. कॅमेरा पुसत असलेला फोटोग्राफर त्यांच्या मदतीला धावला.

"काळजी नको, मॅडम. मशीन चालू आहे की बंद, फोटोत काही कळत नाही."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. पूर्णिमाची कानशिलं तापली. तिने माळा मॅडमच्या हातात परत ठेवल्या.

"मग तुम्हीच घाला. आदिवासी कोण, तेही फोटोत कळत नाही."

बाहेर पाहुण्यांच्या बुटांचा आवाज आला. संपलं आपलं, असं पूर्णिमाला वाटलं.

दार उघडलं. श्रीनिवास सर खिडकीपासून वळले.

"अहो अक्षताबाई, रेषेच्या मागे व्हा. चाचणी सुरू होतेय."

पूर्णिमाने गॉगल चढवला आणि बटणाकडे हात नेला. मनगटावर कड्याच्या जागी फिकट पट्टा अजून होता.