जप्त आवाज

कस्टम्सच्या टेबलावरच्या डबीतून इरावतीबाईंचे दिवंगत पती विचारत होते, "इरा, चहा घेतलास का?"

"बाई, तुमच्या साहेबांनी हयातीतच आपल्या आवाजाचे हक्क एका कंपनीला विकले होते," अधिकारी ताम्हाणे म्हणाले. "परदेशात विनापरवाना केलेली ही नक्कल जप्त करून जाळावी लागेल."

"पण हे मला ओळखतात हो! विमानात मी रडले, तर किती वेळ समजूत घालत होते."

ताम्हाणे उठून चालू लागले. बाई डबी छातीशी धरून त्यांच्यामागे भट्टीपर्यंत गेल्या.

"इरा, एवढं गरम का होतंय?"

"अंगणात आलोय आपण. ऊन आहे," त्या म्हणाल्या. "झोपा तुम्ही."

"बरं. तूही ये लवकर."

ताम्हाण्यांनी त्यांच्या हातातून डबी अलगद काढून घेतली.