पहिली फ्रेम

"निगेटिव्हच्या एकट्या फ्रेमचं पाकीट कुणी बनवत नाही, काका," फोटोच्या सामानाची दुकानवाली म्हणाली. "चारची पट्टी असते, पाचची, सहाची. सुटी फ्रेम ठेवतं कोण?"

स्टुडिओवाल्या काकांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं. आत पोस्टाच्या तिकिटाएवढे फिल्मचे तुकडे गळ्यापर्यंत भरले होते.

काकांनी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. गिऱ्हाइकांच्या निगेटिव्ह कागदी पाकिटांत, तारीख घालून, कपाटात उभ्या लावलेल्या. एकीवर ओरखडा शोधून सापडायचा नाही. हा डबा मात्र कपाटावर धूळ खात होता आणि कपाट हललं की आतले तुकडे एकमेकांवर घासत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

दुकानवालीने मऊ प्लास्टिकची पाकिटं पुढे सरकवली. काकांनी एक नाकाशी धरलं.

"नव्या रेनकोटाचा वास येतोय. नको. वास येणारं प्लास्टिक पुढे चिकट होतं."

तिने कागदी पाकीट दिलं. काकांनी आत बोट घालून फिरवलं. "जोड मधोमध आहे. लेपाच्या, म्हणजे चित्राच्या बाजूवर रेघ उठेल."

"काका, मीपण याच दुकानात वाढलेय. लेपाची बाजू वर करून घालायची, जोड खाली येतो."

"आणि घालताना चुकलं तर? डोळे काय कुणाला कायमचे मिळतात?"

ती हसली आणि कडक, पारदर्शक पट्टी काढली. "मग ही घ्या. एका खणात सहा-सहा सरकवा. ओळीने बसतील."

"बसतील कुठल्या! पान उभं केलं की एकमेकींवर चढतील. आजवर तेच झालंय."

आता तिचाही नाइलाज झाला. एवढं जपायचं तरी काय आहे, म्हणून तिने डब्यातला एक तुकडा कडेने उचलला, काउंटरवरच्या दिव्याच्या पेटीवर ठेवला आणि भिंग लावलं. खुर्चीत बसलेली एक बाई. दुसरा तुकडा घेतला. तीच बाई, तीच खुर्ची. निगेटिव्हचा कारभार उलटा. तळाच्या तुकड्यांत बाईचे केस पांढरेशुभ्र होते आणि वर वर येताना काळे होत गेले होते. एका बाजूची कड बहुतेक सगळ्यांत जळकी होती.

"काकू?"

"रोल चढवला की पहिल्या फ्रेमचा भरवसा नसतो, कड जळते. ती गिऱ्हाइकावर कशाला घालवायची? हिला खुर्चीत बसवायचो, उजेड जमवायचो, एक खटका दाबायचो. मग गिऱ्हाइकाला आत घ्यायचं."

"आणि यांचे प्रिंट?"

"एकही नाही. मी फक्त उजेड बघायचो. चेहरा काय बघायचा, घरचाच होता."

पाच महिन्यांपूर्वी काकू गेल्यावर दुकानवाली भेटायला गेली होती, तेव्हा काकूंचा फोटो तिने भिंतीवर पाहिला होता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, पुसट. त्यात डाव्या बाजूला कुणा परक्या माणसाचा खांदा राहून गेला होता. फोटोग्राफरच्या घरात बायकोचा एक धड फोटो नाही, हे तिथे आलेल्या सगळ्यांनाच दिसलं होतं, आणि बोललं कुणीच नव्हतं.

"त्या खांद्यासमोर बसून मी दोन वेळा जेवतो," काका म्हणाले. "कुणाचा आहे तेही माहीत नाही."

ती मागच्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळाने धुळीचं एक खोकं घेऊन आली. "स्लाइडची पानं. आता कुणी विचारत नाही यांना. एका पानाला वीस कप्पे. प्रत्येक फ्रेमला पुठ्ठ्याची चौकट घालायची आणि एकेक कप्प्यात एकेकटी ठेवायची. चौकटीमुळे फिल्म कशालाच टेकत नाही."

काकांनी पान हुंगलं. वास नव्हता. कप्प्यात बोट घालून पाहिलं, जोड लागला नाही. मग त्यांनी खिशातून पांढरे सुती हातमोजे काढले, घातले, आणि पेटीवरचा तुकडा कडेने धरून चौकटीत बसवला. चौकट एकदाच बंद केली आणि नीट बंद केली.

दुकानवाली भिंगातून एकेक तुकडा बघत होती.

"काका, तोंड सगळ्यांत उघडं आहे. काकू काहीतरी म्हणतायत."

"'झालं का?' म्हणायची. गॅसवर काहीतरी ठेवून आलेली असायची. मी म्हणायचो, झालं, ऊठ."

एवढं बोलून त्यांनी भिंग तिच्या हातातून घेतलं आणि पेटीवर वाकले. मान दुखेपर्यंत बघत राहिले. कपाळावर एक बारीक ओरखडा होता, हनुवटीवर दुसरा. मधला चेहरा शाबूत होता. खालचा ओठ किंचित एका बाजूला जायचा तिचा, बोलताना. हे त्यांना आज कळत होतं.

बाहेर दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. "पानं किती देऊ?" दुकानवालीने हळूच विचारलं.

"आहेत तेवढी सगळी."

ती खोकं बांधायला लागली. काकांनी चौकटीतली ती फ्रेम पहिल्या पानाच्या पहिल्या कप्प्यात सरकवली आणि पान पुन्हा उजेडावर धरलं. एकोणीस कप्पे रिकामे होते, एकात ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, उठायच्या बेतात.

"बस गं," काका तिला म्हणाले. "अजून झालं नाही."