दिव्यावरची पट्टी

आभाळ पुन्हा गुरगुरलं आणि वायरमन सहाव्यांदा उठला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे त्याला वायरमनच म्हणत. चिडली की बायकोसुद्धा.

"अहो वायरमन, बसा की जरा एका जागी," ती पलंगावरून म्हणाली. "पायाला भिंगरी लागल्यासारखे काय फिरताय? पंख्यापेक्षा तुमचाच वारा जास्त लागतोय."

तिच्या नाकात नळी होती. नळी ऑक्सिजनच्या मशीनला, मशीनची वायर सर्ज प्रोटेक्टरच्या बोर्डाला आणि बोर्ड भिंतीतल्या प्लगला. मशीन बंद पडून चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कोपऱ्यात एक छोटा सिलिंडर होता, तासाभराचा. एवढाच काय तो दुसरा आधार.

वायरमन बोर्डापुढे उकिडवा बसला. बोर्डाच्या हिरव्या दिव्यावर काळी चिकटपट्टी होती. महिन्यापूर्वी तिनेच लावली होती, रात्रभर डोळ्यांत खुपतो म्हणून. तेव्हा तो कुरकुरला होता, पण आजारी माणसाशी किती हुज्जत घालायची? राहिली ती तशीच. आज मात्र त्याला राहवेना. त्याने नखाने पट्टी उचकटली.

दिवा विझलेला होता.

त्याने बोर्ड हलवून बघितला, दिव्यावर टिचकी मारली. छे! उभा जन्म तो घरोघरी हेच तर सांगत आला होता. ताई, या बोर्डात एक नखाएवढा तुकडा असतो. विजेचा जादा लोट आला की तो अंगावर घेतो आणि जमिनीत सोडून देतो, पुढच्या वस्तूला कळूसुद्धा देत नाही. पण दर दणक्याला तो झिजतो, एक दिवस संपतो, आणि मग हा दिवा विझतो. करंट काही थांबत नाही हां! फ्रिज चालतो, टीव्ही चालतो, सगळं चालतं. फक्त मधे उभं राहणारं कुणी उरत नाही. म्हणून दिव्याकडे लक्ष ठेवा! लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आणि स्वतःच्या घरात ही तऱ्हा.

"मशीन तर चालतंय की," बायको म्हणाली.

"चालतंय! तेच तर!"

त्याने बोर्डाचा प्लग भिंतीतून उपसला. मशीनची घरघर थांबली. त्याने सिलिंडर ओढत आणला, चावी फिरवली आणि नळी जोडायला गेला. घाईघाईत ती दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बायकोनेच त्याच्या हातातून काढून घेऊन बसवली.

तेवढ्यात खिडकी पांढरीफटक झाली आणि वीज अशी कडाडली की फळीवरची भांडी वाजली. खोलीतला दिवा एकदम भगभगला आणि पुन्हा नेहमीसारखा झाला. भिंतीपलीकडून शेजारणीची किंकाळी आली. "अग बाई! टीव्हीतून धूर येतोय! काका, लवकर या हो!"

"मेन स्विच बंद कर!" वायरमन बसल्या जागेवरून ओरडला. हातातल्या प्लगकडे तो बघत राहिला.

मग त्याचा तोल गेला. "डोळ्यांत खुपतो म्हणे! माळ्यावर दोन नवे कोरे बोर्ड पडलेत, दोन! ही पट्टी नसती ना, तर दिवा विझलेला मला त्याच दिवशी दिसला असता!"

"म्हणूनच लावली."

"म्हणजे?"

"विझल्यावर लावली." तिने दम खाल्ला. "मागे वीज कडाडली तेव्हाच गेला तो. तुम्ही आंघोळीला गेला होतात. त्याआधी नऊ रात्री स्टुलावर बसून दिव्याकडे बघत काढल्या होत्यात. डोळे कसे खोल गेले होते, आठवतंय? सांगितलं असतं, तर नवा बोर्ड लावून पुन्हा त्याच्या तोंडाशी बसला असतात. पट्टी लावली त्या रात्री घोरलात तुम्ही. मी ऐकत होते."

"अगं, पण तुला काही झालं असतं म्हणजे?"

"माझं व्हायचं ते एकदाच झालं असतं. तुमचं रोज होत होतं."

वायरमनला भयंकर राग आला आणि त्या रागातच रडू फुटलं. तिच्यासमोर नको, म्हणून तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि बोर्ड शोधायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ वरच खुडबुडत राहिला.

गडगडाट लांब गेला तेव्हा सिलिंडरचा काटा निम्म्याच्या खाली आला होता. त्याने नवा बोर्ड लावला. दिवा हिरवागार पेटला, मशीन घरघरायला लागलं, नळी पुन्हा जागेवर गेली. बोर्डासमोरचं स्टूल त्याने उचललं आणि दिव्याकडे पाठ करून तिच्या उशाशी मांडलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. तो तिच्या तोंडाकडे बघतच होता.

"आता माझ्यावर पहारा का?" ती म्हणाली. "जा, पडा जरा. विझायला लागले तर सांगेन."

"तू? तू सांगणार?"

उशाजवळ चिकटपट्टीचं रीळ पडलं होतं. वायरमनने ते उचललं आणि आपल्या शर्टाच्या खिशात घातलं.